डासाची साक्ष किती ग्राह्य?

रानातल्या प्राण्याला न पकडता, न बेशुद्ध करता, किंबहुना न पाहताही त्याचा डीएनए मिळवायचा असेल तर काय करावे? गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नाला एक गमतीदार उत्तर मिळाले आहे. ज्याने त्या प्राण्याचे रक्त आधीच काढून घेतले आहे त्यालाच पकडावे. म्हणजे डास, गोमाशी, वाळुमाशी किंवा जळू. (जळू हा कीटक नाही, गांडुळाच्या संघातला प्राणी आहे, पण काम तेच करते.) त्याच्या पोटातले रक्त प्रयोगशाळेत न्यावे, त्यातला डीएनए वाचावा, आणि रानात कोण कोण राहते ते जाणून घ्यावे.

ही कल्पना ऐकताक्षणी पटते. विद्यार्थ्यांना तर ती फारच आवडते. वर्तमानपत्रांतूनही तिचे कौतुक होते. आमचाही तिला विरोध नाही. पण जी पद्धत ऐकताक्षणी पटते तिला दोन-चार अवघड प्रश्न विचारायला हवेत, आणि ते प्रश्न एखाद्या खऱ्या ठिकाणी उभे राहून विचारायला हवेत. त्यासाठी आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा निवडले आहे. कारण दुर्मिळ वन्यप्राण्याच्या डीएनएला किती मोल येऊ शकते हे या गावाच्या परिसराने जवळून पाहिले आहे.

पांढरकवड्याचा प्रश्न

पांढरकवडा आणि राळेगाव या भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध एका वाघिणीशी जोडला गेला. वनखाते तिला टी-१ म्हणत असे; लोकांमध्ये ती ‘अवनी’ या नावाने ओळखली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ ती वाघीण गोळी घालून मारली गेली. तेव्हा तिच्यामागे दोन बछडे होते.

ती मारायला हवी होती की नको, हा वाद येथे पुन्हा उकरायचा नाही. आम्हाला त्यातला एकच धागा हवा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार वाघासारख्या प्राण्याला मारण्याची परवानगी द्यायची, तर तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे याची खात्री मुख्य वन्यजीव रक्षकाला पटावी लागते. आता त्याच भागात टी-२ नावाने ओळखला जाणारा एक नर वाघही वावरत होता. म्हणजे प्रश्न ‘येथे वाघ आहे का?’ असा नव्हताच. ते कापसाच्या शेतात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. प्रश्न होता, ‘यातला कोणता?’ त्याचे उत्तर शोधताना कॅमेऱ्यातली छायाचित्रे, पावलांचे ठसे आणि डीएनए या तिन्हींचा आधार घेतला गेला. एका बाजूला तेरा घरांचे दुःख आणि रोज रानाकडे जाणाऱ्यांची भीती, दुसऱ्या बाजूला एका दुर्मिळ प्राण्याचा जीव. आणि मध्ये पुरावा.

आता समजा, कोणी म्हणाले, ‘एवढी यातायात कशाला? त्या भागातले डास पकडा, तेच सांगतील.’ तर काय उत्तर द्यावे?

पद्धत कशी चालते

डासाच्या पोटातले रक्त कोणाचे, हे ओळखण्याची खटपट मुळीच नवी नाही. हिवतापाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकापासून हे करत आले. कोणता डास माणसाला चावतो आणि कोणता गुरांना, हे त्यांना हवे होते. तेव्हा डीएनए वाचता येत नव्हता. माणसाच्या किंवा गाईच्या रक्तातील प्रथिनांविरुद्ध तयार केलेला रक्तद्रव डासाच्या पोटातल्या रक्ताशी मिसळायचा आणि साका बसतो का ते पाहायचे, अशी ती चाचणी होती. भारतात हिवतापाचा मोठा वाहक असलेला ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस हा डास मुख्यतः गुरांचे रक्त पितो, ही माहिती अशाच अभ्यासांतून पक्की झाली. हा डास पुढे पुन्हा भेटेल.

डीएनएमुळे फरक एवढा पडला की आधी मनात संशयित प्राणी धरून चाचणी करावी लागे, आता तशी गरज राहिली नाही. मिळालेला डीएनए वाचायचा आणि ज्ञात प्राण्यांच्या संग्रहाशी जुळवायचा.

पण हा डीएनए येतो कुठून? येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रकच नसते. मग रक्तातून डीएनए मिळतो कसा? उत्तर: पांढऱ्या पेशींतून. एक ढोबळ हिशेब करू. डासाची मादी एका वेळी साधारण दोन ते तीन मायक्रोलीटर रक्त पिते. एका मायक्रोलीटरमध्ये सुमारे आठ हजार पांढऱ्या पेशी धरल्या, तर तिच्या पोटात वीस हजारांच्या आसपास पांढऱ्या पेशी जातात. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात कोणत्याही जनुकाच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. म्हणजे चाळीस हजार प्रती. पण तंतुकणिकांमधला डीएनए वेगळा असतो आणि त्याच्या एका पेशीत शंभराहून अधिक प्रती असू शकतात. म्हणजे वीस लाख किंवा जास्त.

आता पचन सुरू होते. डास हे रक्त दोन-तीन दिवसांत पचवून टाकतो आणि त्याबरोबर डीएनएचेही तुकडे होतात. समजा, दहा हजारांतली एकच प्रत वाचण्याजोगी उरली. तर केंद्रकातल्या जनुकाच्या चार प्रती उरतील आणि तंतुकणिकांच्या दोनशे. म्हणून या पद्धतीने काम करणारे शास्त्रज्ञ बहुतेक वेळा तंतुकणिकांचा डीएनए वाचतात. हा निर्णय अगदी शहाणपणाचा आहे. पण त्याची किंमत काय पडते ते पुढे दिसेल.

जमेची बाजू

या पद्धतीने काय साधले ते आधी प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिएतनामच्या जंगलातल्या २५ जळवा तपासल्या गेल्या. त्यातल्या २१ जळवांमध्ये सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला. त्यात पट्टेदार ससा आणि एक भेकर असे क्वचितच नजरेस पडणारे प्राणीही निघाले. जळवेच्या पोटात डीएनए चार महिने तरी टिकतो, हेही बोकडाचे रक्त पाजून दाखवले गेले. २०१३ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि मादागास्करमधल्या जंगलांत मृत प्राण्यांवर व विष्ठेवर बसणाऱ्या माश्यांमधून असाच डीएनए मिळाला.

२०२२ मधला चीनच्या युन्नान प्रांतातला अभ्यास याहून मोठा. आयलाओशान या राखीव जंगलात १६३ वनरक्षकांनी आपली नेहमीची गस्त घालता घालता ३०,४६८ जळवा गोळा केल्या. त्यांतून ८६ पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रजाती ओळखल्या गेल्या. जंगलाच्या कडेला गुरे, शेळ्या, मेंढ्या जास्त आणि आत खोलवर सांबर, अस्वल जास्त, असा नकाशाच त्यांच्या हाती आला. २०२५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी डासांवर असेच काम केले. पन्नास हजारांहून अधिक डास पकडून त्यांनी ऐंशीहून जास्त प्रजातींचे रक्त ओळखले, बेडकापासून गाईपर्यंत.

ही कामे चांगलीच आहेत. त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्यांना मिळाले. आमची हरकत आहे ती या कामांवरून जे मोठे वाक्य काढले जाते त्याला. ‘आता दुर्मिळ प्राणी शोधणे सोपे झाले,’ हे ते वाक्य.

दुर्मिळ प्राणी, दुर्मिळ रक्त

फ्लोरिडाच्या यादीत कोण नव्हते? जमिनीखाली राहणारी चिचुंद्रीसारखी जनावरे, आणि तिथला सर्वांत दुर्मिळ मोठा शिकारी, फ्लोरिडा पँथर. लाओस आणि व्हिएतनामच्या सरहद्दीवर राहणारा साओला हा प्राणी १९९२ मध्ये विज्ञानाला कळला. कॅमेऱ्याने त्याला शेवटचे टिपले २०१३ मध्ये. जळवांच्या पद्धतीवर सर्वांत मोठी आशा होती ती याच प्राण्यासाठी. त्याचा माग त्यांनी अजून दिलेला नाही.

यात डासाचा किंवा जळवेचा दोष नाही. ज्या रानात हजार गुरे आणि एक वाघ आहे तिथे डासाला गाय भेटण्याचीच शक्यता जास्त. समजा, एखाद्या रानात रक्त प्यायलेल्या हजार डासांपैकी सरासरी एकाच्या पोटात वाघाचे रक्त असते. (हा आकडा आम्ही उदाहरणापुरता धरला आहे.) मग असे हजार डास तपासले तर वाघ सापडेलच का? एक डास तपासल्यावर वाघ न सापडण्याची शक्यता ०.९९९. हजार डास तपासूनही न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.९९९ ला स्वतःशीच हजार वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे हजार डास तपासूनही तीनांत एकाहून अधिक वेळा आपण ‘वाघ नाही’ असा अहवाल देऊ, आणि वाघ तर तिथे आहे! ही चूक शंभरांत पाचांवर आणायची असेल तर तीन हजार डास लागतील.

आणि हे तीन हजार डास रक्त प्यायलेले हवेत. येथे एक अडचण बहुतेक लेखांतून वगळली जाते. कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या सापळ्याकडे डास येतो तो भूक लागलेली असते म्हणून. पोट भरलेली मादी सापळ्याकडे कशाला येईल? ती कुठे तरी पाल्यापाचोळ्यात, ओलाव्याला, अंधारात रक्त पचवत बसलेली असते. तिला तिथे जाऊन नळीने ओढून घ्यावे लागते. पकडलेल्या वीस डासांत एकच असा निघाला असे धरले, तर तीन हजारांसाठी साठ हजार डास पकडावे लागतील. त्यासाठी माणसांना पहाटे-संध्याकाळी झुडपांत शिरावे लागेल. २०१८ च्या पांढरकवड्यात हे काम कोणी करायचे होते? ‘प्राण्याला इजा नाही’ असे म्हणताना ‘गोळा करणाऱ्याला धोका किती’ हा प्रश्नही जोडीने विचारायला हवा.

आता पांढरकवड्याची जमीन पाहा. जवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, कोरड्या पानझडीचे, सागाचे. दमट जंगलात पायाला चिकटणाऱ्या जळवा ही सह्याद्रीच्या पावसाळ्यातली गोष्ट. येथे तो मार्ग जवळजवळ बंदच. उरतात डास आणि माश्या. रानाभोवती गावे, गावांत गुरे, आणि गुरे चरायला रानाच्या कडेला. गाईचे रक्त पसंत करणारा क्युलिसिफेसीस येथे काय सांगेल याचा अंदाज विद्यार्थीही करू शकतील. ‘गाय, गाय, म्हैस, बैल, गाय, माणूस.’

माश्यांचेही तसेच. मृत जनावरावर बसलेल्या माशीच्या पोटात प्रामुख्याने त्या मेलेल्या जनावराचाच डीएनए असणार. वाघाने गाय मारली तर माशी बहुधा गाईचे नाव सांगेल. मारणाऱ्याचे नाव आपल्याला हवे होते.

‘कोण?’ आणि ‘कोणता?’

समजा, नशिबाने वाघाचे रक्त प्यायलेला डास मिळाला. आता आधी सांगितलेली किंमत चुकती करायची वेळ येते. आपण वाचला तो तंतुकणिकांचा डीएनए. हा डीएनए फक्त आईकडून येतो. आई, तिची मुले, तिच्या बहिणी, बहिणींची मुले, सगळ्यांचा जवळजवळ एकच. एखाद्या छोट्या रानातले बरेचसे वाघ एकमेकांचे नातेवाईकच असतात. म्हणजे ‘हा वाघ आहे’ एवढेच ठरले. नर की मादी, हेसुद्धा त्यातून कळत नाही. त्यासाठी केंद्रकातल्या लिंग-गुणसूत्रांवरचे जनुक वाचावे लागते. पांढरकवड्यात टी-१ आणि टी-२ यांत निवड करायची होती. तिथे ‘वाघ’ हे उत्तर म्हणजे प्रश्नच परत करणे.

एक प्राणी दुसऱ्यापासून वेगळा ओळखायला केंद्रकातल्या डीएनएमधल्या विशिष्ट जागा पाहतात. तिथे दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते प्राण्यागणिक बदलते. प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात, आईकडचा आणि बापाकडचा. अशा दहा-बारा जागा वाचल्या की त्या प्राण्याची ओळखपत्रिका तयार होते. परंतु डीएनए थोडा आणि तुटका असेल तर दोनांपैकी एकच आकडा हाती येतो. उदाहरणार्थ, वाघिणीच्या एका जागी खरे आकडे १२ आणि १५ आहेत. एका नमुन्यात १२ व १५ दोन्ही दिसले, दुसऱ्यात १५ वाला तुकडा हाती न आल्याने १२ व १२ असे वाटले. कागदावर दोन वाघिणी झाल्या! वरच्या हिशेबातल्या ‘चार प्रती’ आठवा, म्हणजे ही चूक किती सहज होईल ते ध्यानात येईल.

हे काम अशक्य आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. २०१७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी माणसाचे रक्त प्यायलेल्या डासांमधून, दोन दिवसांपर्यंत, ते रक्त कोणत्या माणसाचे ते ओळखून दाखवले. पण तेथे कोणाकोणाचे रक्त असू शकते ते आधी माहीत होते, डास प्रयोगशाळेच्या देखरेखीत होता, आणि माणसाच्या डीएनएसाठी जगभर वापरले जाणारे तयार संच होते. रानातल्या डासाने एका रात्रीत आधी बैल आणि मग वाघ चावला असेल, तर दोघांचे रक्त एकत्र आलेले असते. प्रयोगशाळेतल्या यशावरून रानातल्या यशाची हमी देता येत नाही.

मांजर कुळात आणखी एक खाचखळगा आहे. १९९४ मध्ये घरगुती मांजरात असे आढळले की तंतुकणिकांच्या डीएनएचा मोठा तुकडा फार पूर्वी केंद्रकातल्या गुणसूत्रात जाऊन बसला आहे. अशा प्रती वाघासह इतर मार्जारांतही आहेत. आपण मूळ डीएनए वाचतो आहोत की त्याची जुनी नक्कल, हे नीट तपासले नाही तर प्रजाती ठरवतानाही गोंधळ होऊ शकतो.

आणि प्रजाती अचूक ठरली, तरी ते पुरेसे असेलच असे नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याला विचारा, पिकाचे नुकसान कोण करते? रोही आणि रानडुक्कर. पण रानडुक्कर आणि गावातले डुक्कर यांची प्रजाती एकच. लांडगा आणि कुत्रा यांचेही जवळपास तेच. डासाच्या पोटातला तुटका डीएनए ‘डुक्कर’ म्हणेल. ते रानातले की गावातले हे बहुतेक वेळा सांगणार नाही. भरपाईचा अर्ज त्या एका शब्दावर निकाली निघू शकत नाही.

कुठे आणि केव्हा?

साक्षीदाराने ‘कोण’ सांगितले तरी ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे न्यायालय विचारतेच. डास आणि जळू यांची येथे उलटसुलट अडचण आहे. डासाच्या पोटातले रक्त ताजे, फार तर दोन-तीन दिवसांचे. म्हणजे ‘केव्हा’ बरेचसे कळते. पण डास उडतो. काहीशे मीटर ते एक-दोन किलोमीटर तो सहज जातो. गावाच्या कडेला पकडलेल्या डासाने रक्त रानात घेतले की गोठ्यात, हे सांगता येत नाही. जळू फारशी हलत नाही, म्हणून ‘कुठे’ कळते. पण रक्त चार महिन्यांपूर्वीचेही असू शकते.

चार महिन्यांत वाघ कुठल्या कुठे जातो, याचे उत्तम उदाहरण पांढरकवड्याजवळचेच आहे. टिपेश्वरमधल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावला होता. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडले. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडत, वर्षअखेरीपर्यंत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळे मिळून सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. त्याचे शास्त्रीय नाव टी-१ सी-१, म्हणजे टी-१ चे पहिले पिल्लू. पण ही टी-१ टिपेश्वरातली. ज्या टी-१ विषयी वर लिहिले ती नव्हे. जवळजवळ असलेल्या दोन वाघिणींना सारखाच क्रमांक असू शकतो, हे ज्याला ठाऊक नाही तो कागदपत्रे वाचतानाच फसेल. ‘कोणता वाघ?’ हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही किती जपून हाताळावा लागतो ते यावरून दिसते.

पूर्वी एकदा हे झाले आहे

पद्धत जेवढे सांगू शकते त्याहून अधिक तिच्याकडून वदवून घेतले तर काय होते, याचा अनुभव आपल्या देशाला आहे. वाघांची गणना कित्येक वर्षे पावलांच्या ठशांवरून केली जात असे. ठसा पाहून ‘येथून वाघ गेला’ हे अनुभवी माणूस ठामपणे सांगू शकतो. त्याच ठशावरून ‘हा अमुकच वाघ, आणि असे एकूण इतके’ असे सांगू लागलो, तिथे घोटाळा झाला. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळले की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशात गणनेची पद्धत बदलली आणि पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखणारे कॅमेरे आले. ठसे खोटे बोलले नव्हते. ‘कोण’ सांगणाऱ्या पुराव्याला आपण ‘कोणता’ आणि ‘किती’ विचारले होते. डासाच्या बाबतीत तीच वाट पुन्हा चालायचे कारण नाही.

मग उपयोग कशाला?

‘कोणता?’ या प्रश्नासाठी, प्राण्याला न पकडता मिळणारे, जास्त भरवशाचे नमुने आहेत. जखमेवरची किंवा कपड्यावरची लाळ, केस, विष्ठा. वाघाच्या विष्ठेवर आतड्यातल्या पेशी असतात, आणि एका विष्ठेतून अनेकदा नमुने घेऊन तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. कर्नाटकातल्या बंडीपूरमध्ये विष्ठेतल्या डीएनएवरून काढलेला वाघांच्या संख्येचा अंदाज कॅमेऱ्यांच्या अंदाजाशी जुळला, हे २००९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन पद्धतींचे उत्तर जुळणे, याला आम्ही खरा पुरावा म्हणू. लाळेला तर आणखी एक मोल आहे. ती जखमेवरच मिळते, म्हणून प्राण्याचा त्या घटनेशी संबंध जोडते. रानातल्या डासाच्या पोटातले रक्त तसा संबंध कधीच जोडू शकत नाही. तो वाघ त्या रात्री तिथे होता एवढेच फार तर म्हणता येईल.

डासाला विचारावा असा प्रश्नही पांढरकवड्याजवळ आहे. आयलाओशानच्या नकाशाची आठवण करा. गावाच्या कडेपासून रानात आत जाताना गुरांचे रक्त किती कमी होत जाते आणि चितळ, सांबर, रोही यांचे किती वाढत जाते? पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात यात काय फरक पडतो? गुरे कुठपर्यंत जातात, म्हणजेच गुराखी कुठपर्यंत जातो, म्हणजेच माणूस आणि वाघ समोरासमोर येण्याची शक्यता कुठे जास्त, हे अशा नकाशावरून समजू शकेल. येथे दुर्मिळ प्राणी शोधायचा नाही, नेहमीच्या प्राण्यांचे प्रमाण पाहायचे आहे. त्याला काहीशे डासही पुरू शकतील. ‘गाय, गाय, म्हैस’ हे उत्तर येथे निरुपयोगी नाही, तेच हवे आहे. आणि हा नकाशा वाघाने कोणाला मारल्यानंतर नव्हे, त्याच्या आधी उपयोगी पडेल.

वर्गात

शेवटी शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग. एका पिशवीत ४९ पांढरी आणि एक काळे बटण ठेवा. काळे बटण म्हणजे वाघ. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक बटण काढायचे, रंग लिहायचा, बटण परत टाकून पिशवी हलवायची. असे पन्नास वेळा. तीस जणांच्या वर्गात सरासरी अकरा जणांना काळे बटण एकदाही दिसणार नाही. त्यांना अहवाल लिहायला सांगा. ‘पिशवीत काळे बटण नाही’ असे जे लिहितील आणि ‘पन्नास वेळा पाहिले, दिसले नाही’ असे जे लिहितील, त्या दोन वाक्यांतला फरक वर्गाने मिळून शोधावा.

मग वरच्या वर्गातल्या मुलांना पुढचा प्रश्न द्यावा. ज्या मुलाला काळे बटण दोनदा मिळाले, त्याच्या पिशवीत काळी बटणे दोन आहेत का? हे ठरवायला त्याने बटणाची आणखी कोणती माहिती लिहून ठेवायला हवी होती?